ई-सिगारेटची बॅटरी का पेटते? बंदी असलेली ही वस्तू लपवल्याने धोका कसा वाढतो?

भारतात ई-सिगारेटवर सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे. ती बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बेकायदा आहे. तरीही कधी पेनसारखी, कधी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ही वस्तू कुठल्या तरी टपरीवरून, मित्राच्या मित्राकडून किंवा सोशल मीडियावरच्या एका मेसेजवर मिळते. मग ती खिशात, कॉलेजच्या बॅगेत, लोकलच्या डब्यात आणि घरातल्या चार्जिंग पॉइंटवर फिरत राहते.

ई-सिगारेटबद्दल बोललं जातं ते बहुतेक वेळा निकोटिनबद्दल आणि फुप्फुसांबद्दल. तो विषय महत्त्वाचा आहेच. पण तिच्यातल्या लिथियम-आयन बॅटरीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ही बॅटरी पेटू शकते, फुटू शकते. तसं झालं तर इजा फक्त ओढणाऱ्यालाच होईल असं नाही. गच्च भरलेल्या डब्यात खेटून उभा असलेला प्रवासी, वन रूम किचनमध्ये चार्जरपासून दोन हातांवर झोपलेलं लहान मूल, कचऱ्याच्या गाडीवरचा सफाई कामगार, यांच्यापर्यंतही ती पोहोचू शकते.

थोडक्यात महत्त्वाचं

- ई-सिगारेटमध्ये मोबाइलसारखीच लिथियम-आयन बॅटरी असते. पण तिचा आकार आणि वापरण्याची पद्धत यामुळे ती जास्त धोकादायक ठरते.
- वस्तूच बेकायदा असल्याने तिच्या बॅटरीची भारतात कोणीही तपासणी करत नाही. वॉरंटी नाही, तक्रारीची सोय नाही.
- घरच्यांपासून लपवून, रात्री अंथरुणात चार्जिंगला लावणं हा सर्वांत मोठा धोका आहे.
- बॅटरी पेटली तर आधी दूर व्हा. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी सोडा आणि डॉक्टरांना बॅटरीबद्दल खरं सांगा.

ई-सिगारेटच्या आत काय असतं?

आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास तयार केली असं मानलं जातं. तिचे मुख्य भाग तीन. एक छोटी टाकी, ज्यात निकोटिन आणि सुगंध मिसळलेलं द्रव असतं. एक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, जी तापून त्या द्रवाची वाफ करते. आणि कॉइल तापवणारी बॅटरी.

एकदा वापरून फेकायच्या पेनमध्ये करंगळीएवढा छोटा सेल असतो. मोठ्या, पुन्हा पुन्हा भरून वापरायच्या यंत्रांमध्ये '१८६५०' नावाचा सेल असतो. हा आकडा म्हणजे सेलचं माप आहे: व्यास १८ मिलीमीटर, लांबी ६५ मिलीमीटर. हाच सेल टॉर्च, पॉवर बँक आणि जुन्या लॅपटॉपमध्येही सापडतो.

एवढ्याशा सेलमध्ये ऊर्जा किती असते? चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३,००० एमएएच धरली, तर त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठते. एक कप चहाचं पाणी उकळायला लागते जवळपास तेवढी. ही ऊर्जा हळूहळू बाहेर आली तर कॉइल तापते. काही सेकंदांत एकदम बाहेर आली तर स्फोट होतो.

बॅटरी पेटते म्हणजे नेमकं काय होतं?

लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण अशा दोन पट्ट्या एकमेकींवर गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, आणि हे सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं असतं. तो पडदा शाबूत आहे तोवर काही होत नाही.

पण सेल आदळला, चेपला, गरजेपेक्षा जास्त चार्ज झाला, खूप तापला किंवा बनवतानाच त्यात दोष राहिला, तर हा पडदा फाटतो किंवा वितळतो. साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळू लागतो. मग दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. त्याने उष्णता वाढते, उष्णतेने आतली रसायनं फुटतात, आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेरून थांबवणं कठीण असतं. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. तापमान काही सेकंदांत कित्येकशे अंशांवर जातं, ज्वलनशील वायू जोरात बाहेर पडतो आणि पेट घेतो. सोबत निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायूही असतात.

म्हणजे चार्जर काढला, बटण बंद केलं की बॅटरी लगेच शांत होईल, असं नसतं. आग लागण्यासाठी लागणारं सगळं सामान तिच्या आतच असतं.

मोबाइलमध्येही हीच बॅटरी असते, मग ई-सिगारेट जास्त धोकादायक का?

याची कारणं प्रामुख्याने चार आहेत.

पहिलं कारण आकार. मोबाइलची बॅटरी चपटी असते. तिच्यात वायू साठला की ती आधी फुगते आणि निदान इशारा तरी मिळतो. ई-सिगारेटमधला सेल बहुतेक वेळा धातूच्या नळीत बसवलेला असतो. वायूला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे नळीचं एक टोक उडतं आणि आतला सेल जोरात बाहेर फेकला जातो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने आपल्या अहवालात याची तुलना पेटत्या रॉकेटशी केली आहे.

दुसरं कारण विजेचा प्रवाह. कॉइल झटकन तापवायची तर बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह ओढावा लागतो. पूर्ण चार्ज सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल, तर शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने प्रवाह होतो २१ अँपिअर. सेल १० अँपिअरसाठी बनवलेला असेल तर प्रत्येक झुरक्याला त्याच्यावर दुप्पट ताण पडतो. काही यंत्रांत प्रवाह तोडणारं सर्किटच नसतं. 'जास्त धूर' काढण्यासाठी कॉइल बदलणारे अनेक जण हे गणित करत नाहीत.

तिसरं कारण खिसा. सुटा १८६५० सेल किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात ठेवला, तर धातूचा तुकडा सेलची दोन्ही टोकं जोडू शकतो. तेवढ्यानेही शॉर्ट सर्किट होतं. ई-सिगारेटचं बटण खिशात दाबलं जाऊन कॉइल आपोआप तापू लागणं, हाही प्रकार घडतो.

चौथं कारण चार्जर. ई-सिगारेटला यूएसबीचं भोक असतं म्हणून घरातला कुठलाही मोबाइल चार्जर लावला जातो. चांगल्या मोबाइलमध्ये किती वीज घ्यायची आणि कधी थांबायचं हे ठरवणारं सर्किट असतं. स्वस्त पेनमध्ये ते असेलच याची खात्री नसते.

अशा घटना खरंच घडतात का?

घडतात, आणि त्यांचा सर्वांत तपशीलवार हिशेब अमेरिकेत ठेवला गेला आहे. तिथल्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या होत्या. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या.

या घटना कधी घडल्या ते बघण्यासारखं आहे. ६१ घटनांमध्ये ई-सिगारेट किंवा तिची सुटी बॅटरी खिशात होती. ६० वेळा ती ओढली जात होती. ४८ वेळा ती चार्जिंगला लावलेली होती. म्हणजे 'मी आत्ता ओढत नाहीये, मग काय होणार?' या समजुतीला अर्थ नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र प्रसिद्ध केलं. सुमारे नऊ महिन्यांत त्यांच्या एकाच रुग्णालयात अशा स्फोटांत जखमी झालेले १५ रुग्ण आले होते. बहुतेकांना ज्वाळांनी भाजलं होतं, काहींना बॅटरीतल्या रसायनाने भाजलं होतं, तर काहींच्या जखमा स्फोटाच्या होत्या. जखमांच्या जागा होत्या चेहरा, हात आणि मांड्या. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटच्या स्फोटाने एकेका तरुणाचा मृत्यूही झाला.

कोट्यवधी लोक वापरतात त्या मानाने ही संख्या लहान आहे, हे खरं. प्रत्येक ई-सिगारेट फुटत नाही. पण हे आकडे ज्या देशात ती दुकानात उघडपणे मिळते, तिथले आहेत. चोरून आलेल्या, कोणीच न तपासलेल्या मालाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आपल्याकडे बॅटरीने काय केलंय?

लिथियम-आयन बॅटरी घरात पेटली तर काय होतं, हे ठाण्याच्या शेजारीच दिसलं आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात येणाऱ्या वसईत २३ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी फुटली. बॅटरी स्कूटरमधून काढून घरात चार्जिंगला लावली होती. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवड्याभराने त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये रात्री चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागली. धुराने गुदमरून वडील आणि मुलगी दगावले. त्याच सुमारास पुण्यातल्या धानोरीत रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता.

स्कूटरची बॅटरी ई-सिगारेटच्या सेलपेक्षा शंभर-दीडशे पटींनी किंवा त्याहून मोठी असते, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणं योग्य नाही. पण आतली रसायनं त्याच जातीची आहेत, आणि वसई-वेल्लोरची परिस्थितीही ओळखीची आहे: रात्रीची वेळ, चार्जिंग सुरू, घरातले झोपलेले.

यानंतर जे झालं, ते इथे जास्त महत्त्वाचं आहे. या आगींनंतर केंद्र सरकारने इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक केले. 'एआयएस १५६' या मानकात सुधारणा झाली आणि डिसेंबर २०२२ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. २०१६ मध्ये एका बड्या कंपनीचा मोबाइल पेटू लागला तेव्हा कंपनीने आधी सुमारे २५ लाख फोन परत मागवले आणि शेवटी ते मॉडेलच बंद केलं. कायदेशीर वस्तूमध्ये दोष निघाला की कोणाला तरी जाब विचारता येतो. ई-सिगारेटच्या बाबतीत तसं कोणीच नाही.

बंदीमुळे नेमकं काय बदललं?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विक्री, उत्पादन, आयात, वाहतूक किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ई-सिगारेट 'ओढणं' हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात लिहिलेला नाही. मात्र ती जवळ बाळगणं हेही कायद्याचं उल्लंघन आहे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. बेकायदा विक्रीची तक्रार करण्यासाठी त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू झालं.

बंदीचा उद्देश तरुणांना निकोटिनपासून दूर ठेवणं हा आहे. पण बॅटरीच्या बाजूने बघितलं तर परिस्थिती अशी आहे: मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँक भारतात विकायची असेल, तर भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करावी लागते. बॅटरीवर 'आयएस १६०४६' हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ई-सिगारेटच विकता येत नसल्यामुळे तिच्यासाठी अशी तपासणी नाही, नोंदणी नाही, बिल नाही आणि ग्राहक मंचाकडे जायला जागाही नाही. डबा कितीही चकचकीत असला तरी आतला सेल कोणत्या कारखान्यातला, नवा की जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टन चढवलेला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

सुटे सेल घेणाऱ्यांसाठी एक साधी खूण आहे. १८६५० सेलवर ६,००० किंवा ९,९०० एमएएच असं लिहिलं असेल तर ते खोटं समजा. या आकारात साधारण ३,५०० एमएएचच्या आसपासच मजल जाते. आकडाच खोटा असेल तर बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवायचं कारण नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊच नका, असा इशारा दिला होता. हे सेल बॅटरी पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसोबत वापरण्यासाठी बनवलेले असतात.

बंदीचा दुसरा परिणाम म्हणजे लपवालपवी. घरी कळू नये म्हणून ई-सिगारेट दिवसा चार्ज केली जात नाही. रात्री सगळे झोपल्यावर उशीखाली, गादीच्या कडेला, कपाटात कपड्यांच्या घडीत किंवा बॅगेतच पॉवर बँक लावून ती चार्ज होते. बॅटरीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. कापसाची गादी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आग लागली तर लगेच पेटते, आणि लक्ष ठेवायला कोणी जागं नसतं.

लोकलच्या गर्दीत धोका कसा वाढतो?

सकाळी डोंबिवलीहून सुटलेली फास्ट लोकल ठाण्यापर्यंत फारशी कुठे थांबत नाही. डब्यात हात वर करायला जागा नसते, तिथे खिशातली तापलेली वस्तू बाहेर काढणं सोपं नाही. एसी लोकलमध्ये दारं बंद असतात, त्यामुळे धूर आतच कोंडतो.

आणि गर्दीत आगीपेक्षा घबराट जास्त जीव घेते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली आले. किमान १२ जणांचा जीव गेला. गाडीला आग लागलेलीच नव्हती. कल्याण-ठाणे मार्गावर तर शेजारच्या रुळांवरून दर काही मिनिटांनी गाडी जाते. तिथे खिशातल्या एका सेलचा धूरही पुरेसा ठरू शकतो.

डब्यात धूर दिसला तर रुळांवर उडी मारू नका. त्या वस्तूपासून जितकं सरकता येईल तितकं सरका, खिडक्या आणि दारं मोकळी ठेवा, आजूबाजूच्यांना 'बॅटरी पेटलीय, गाडी नाही' असं ओरडून सांगा. गरज असेल तर साखळी ओढा, पण गाडी पूर्ण थांबल्यावरही शेजारच्या रुळाकडे बघितल्याशिवाय उतरू नका. रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे.

बॅटरी बिघडल्याची चिन्हं कोणती?

- वापरत नसतानाही किंवा चार्जिंगला लावल्यावर हात लावता येणार नाही इतकी गरम होणं
- फुगणं, वाकणं, जोडावर फट पडणं
- सेलवरचं प्लॅस्टिकचं वेष्टन फाटणं, धातू दिसू लागणं
- गोडसर किंवा थिनरसारखा वास, ओलसरपणा
- सूं असा आवाज किंवा टिचल्यासारखा आवाज
- जोरात पडल्यानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर नीट न चालणं

यांपैकी एकही चिन्ह दिसलं तर ती पुन्हा चार्ज करू नका. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये असं मानलं जातं. मे महिन्यात कल्याण-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर बॅटरीची कुठलीही वस्तू ठेवणं धोक्याचं आहे. हे पॉवर बँक आणि ब्लूटूथ स्पीकरलाही लागू होतं.

पेट घेतलाच तर काय करायचं?

खिशात तापली तर: हाताने दाबून विझवायचा प्रयत्न करू नका. पँट किंवा बॅग अंगापासून दूर करा. त्या क्षणी लाज धरू नका, दोन-तीन सेकंदांनीही फरक पडतो.

चार्जिंगला असताना पेटली तर: शक्य असेल तर मेन स्विच बंद करा. पेटत्या वस्तूला हात लावू नका. लहान आग असेल आणि वीज बंद असेल तर भरपूर पाणी ओता. पाण्याने सेल थंड होतो आणि आजूबाजूचं सामान पेटत नाही. धूर छातीत जाऊ देऊ नका, घरातल्यांना बाहेर काढा. अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२ वर फोन करा. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे लगेच उचलू नका.

भाजलं तर: जळालेले, रसायन लागलेले कपडे काढा. कातडीला चिकटलेले ओढू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तेल यांतलं काहीही लावू नका. अंगठी, कडं सूज येण्याआधी काढा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

ठाणे महापालिकेचं कळव्यातलं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याण-डोंबिवली महापालिकेची कल्याणमधलं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीतलं शास्त्रीनगर ही रुग्णालयं या पट्ट्यात आहेत. फक्त भाजलेल्या रुग्णांसाठी असलेलं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीत आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं: 'मोबाइल फुटला' किंवा 'चहा सांडला' असं सांगितलं जाण्याची शक्यता असते, कारण ई-सिगारेटचं नाव घ्यायची भीती वाटते. पण लिथियम बॅटरीच्या जखमेत आगीसोबत रसायनाचं भाजणंही असू शकतं. जखमेवर आम्ल आहे की अल्कली, हे डॉक्टर तपासू शकतात, पण त्यासाठी बॅटरी फुटल्याचं त्यांना कळायला हवं. तोंडाजवळ स्फोट झाला असेल तर दात, जबडा आणि डोळ्यांचीही तपासणी लागते. खोटं सांगितल्याने उपचार चुकू शकतात.

टाकून द्यायची असेल तर?

बंद पडलेली ई-सिगारेट कचऱ्याच्या डब्यात गेली की धोका संपत नाही, तो फक्त दुसऱ्याकडे जातो. घंटागाडीत आणि कॉम्पॅक्टरमध्ये कचरा दाबला जातो. सेल चेपला की आतला पडदा फाटतो. ब्रिटनमध्ये एका वर्षात कचऱ्याच्या गाड्यांत आणि कचरा केंद्रांवर बॅटऱ्यांमुळे १,२०० हून अधिक आगी लागल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर तिथेही १ जून २०२५ पासून बंदी आली. आधारवाडी डम्पिंगच्या धुराने कल्याणकर कित्येक वर्षं हैराण होते. कचऱ्याला आग लागायला इतर कारणंही पुष्कळ असतात, त्यात बॅटऱ्यांची भर कशाला?

- पेन उघडून सेल काढायचा प्रयत्न करू नका. खिळा, सुरी, पक्कड लावू नका.
- सुटा सेल असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.
- फुगलेली किंवा तापलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा.
- ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी असते. गृहसंकुलांत ई-कचऱ्याचं संकलन होत असेल तर तिथे द्या.

पालकांनी काय करावं?

मुलाच्या बॅगेत पेनसारखी यूएसबीची वस्तू सापडली, तर घरात मोठा वाद होणार हे उघड आहे. पण तिच्यात बॅटरी आहे हे आधी लक्षात घ्या. रागाने ती आपटू नका, तोडू नका, गॅसच्या शेगडीजवळ किंवा चुलीत टाकू नका. आधी चार्जरपासून वेगळी करा आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. बोलणं त्यानंतर करा.

आणि बोलताना फक्त 'पुन्हा दिसली तर बघ' एवढंच म्हटलं तर पुढची ई-सिगारेट जास्त खोल लपवली जाईल, कदाचित गादीखाली. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळतं.

ई-सिगारेट सुरक्षितपणे चार्ज कशी करायची, याचं खात्रीशीर उत्तर कोणीच देऊ शकत नाही, कारण आतला सेल कोणता आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. ती न घेणं हा सर्वांत सोपा उपाय आहे. आधीच घरात आली असेल, तर निदान आज रात्री ती चार्जरला लावून कोणी झोपू नये.